जोर

तरीच्या धक्क्यावर अनशी आतेचं टेबल,
एक पाय आखूड, त्याखाली जांभ्याची कपची.
टेबलावर तिकिटांचं बूक, सुट्ट्या पैशांचा डबा,
आणि बुकाखाली तिनंच प्लायवूडवर रंगवलेला पट.
काळा रंग संपला म्हणून शेवटच्या ओळीतली घरं निळी,
होडीला लावून उरलेल्या रंगाची.

शाळा खाडीच्या या तीराला, घर पलीकडे.
साडेचारची तर चुकली की पाऊण तास.
त्या पाऊण तासात मी बुद्धिबळ शिकले,
नवव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत,
आणि एकही डाव पुरा झालेला आठवत नाही.

पांढरा घोडा एकच होता.
दुसरा माझ्या जन्माआधी खाडीत पडलेला,
त्याच्या जागी जाळ्याचं शिसं.
"ह्यो जड घोडो," आते म्हणायची,
"बुडता, पण उडता बरो."

शिकवणं असं नव्हतंच.
मी सोंगटी पुढे सरकवली की
तिकीट फाडता फाडता, वर न बघता विचारायची,
"जोर कोणाचो?"
उत्तर नसलं तर सोंगटी गेली.
माझ्यासाठी ती कधी हरली नाही.
मुद्दाम हरणं म्हणजे तिच्या लेखी
अर्ध्या तिकिटात पूर्ण माणूस सोडणं.
रेमेतीन टोपली उतरवून बघत उभी राहायची,
सरंग्याचं पाणी ठिबकायचं थेट वजिरावर.
"अगो, मारल्यान मां तुझो उंट!"

प्यादं पहिल्यापासून एकच घर चालायचं.
राजा, शह बसायच्या आधी,
जन्मात एकदा घोड्यासारखा उडायचा.
आणि प्यादं पार पोचलं तर
ज्याच्या घरात पोचलं त्याचंच व्हायचं,
हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट.
"सासर तसाच," एकदा बोलून गेली
आणि लगेच नाणी मोजायला लागली.
आचऱ्याहून ती दीड वर्षात परत आली होती,
हे मला फार उशिरा कळलं, तेही रेमेतीनकडून.

आठवीत शाळेनं कुडाळला स्पर्धेला पाठवलं.
दुसऱ्याच डावात मी राजा उडवला.
समोरचा मुलगा हसला नाही, फक्त हात वर केला.
सरांनी राजा उचलून जागेवर ठेवला,
"बाळा, असा नियम नाही."
एसटीत मी गप्प.
धक्क्यावर मात्र ओरडले, तू मला खोटं शिकवलंस.

आतेनं पट पुसला, पदरानं, नेहमीसारखा.
"थंय उडूक देणत नाय?
मगे राजान करूचा काय?"
किल्लेकोट, मी म्हटलं. हत्तीच्या आड लपतो.
ती बराच वेळ खाडीकडे बघत राहिली.
"लपता," म्हणाली. "बरा. दाखव."
त्या संध्याकाळी दोन माणसं बिनतिकिटाची गेली.

मग पूल झाला. मग आम्ही रत्नागिरीला गेलो.
मग बरंच काही, ज्याचा बुद्धिबळाशी संबंध नाही.

परवा तिच्या पडवीत पट मांडला.
निळी ओळ फिकी पडलीय, बाकीचं तसंच.
डोळ्यांत मोतीबिंदू, शस्त्रक्रियेला नको म्हणते,
सोंगट्या बोटांनी चाचपते.
शिसं हातात आलं तशी थांबली.
"ह्येका वळखतंय."
मी किल्लेकोट केला, तो तिला सांगितला.
तिनं मान हलवली,
मग हत्तीच्या डोक्यावर बोट ठेवून,
"आणि ह्येका जोर?"

बाहेर ऊन, माडाखाली कोंबडी, पुलावरून एक ट्रक.
कोणी "आते, तर लागली गो" म्हणून हाक मारणार नाही.
डाव पुरा करावा लागणार,
आणि आम्हां दोघींनाही
त्याची सवय नाही.